पळणीत मागे राहिलेला माणूस

आमच्या धामणखोलात दर चार वर्षांनी गाव पळतो. पळतो म्हणजे सगळाच पळतो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, कोणी म्हणून मागे राहायचं नाही. मार्गशीर्षात देवाचा कौल झाला की तीन दिवस तीन रात्री शिवेच्या व्हाळापलीकडे झावळांच्या झोपड्या बांधून राहायचं, घरं उघडी टाकायची, चुली विझवायच्या. ते तीन दिवस गाव देवाचा. ह्याला गावपळण म्हणतात. का करतात ते मला विचारू नका, मी काही देवाची कारकून नाही. बाकीच्यांना त्यात मजा असते. मुंबईची पोरं रजा टाकून येतात, व्हाळात मासे मारतात, भजनं काय, पत्ते काय, गजाली काय!

या वेळी माझा नवरा गावातच राहिला. आणि ते मला कळलं तेव्हा शीव बांधून झाली होती.

कसं झालं ते सांगते. गाव बाहेर पडतो तेव्हा आमचे मानकरी सत्यवानदादा व्हाळाकाठी राखणदाराच्या पाषाणाशी उभे राहतात आणि एकेक घर नावानं पुकारतात. घरच्या कर्त्यानं मोठ्यानं "आसा!" म्हणायचं. म्हणजे ते घर पुरतं बाहेर आलं. शेवटच्या घराचं झालं की वाटेवर आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, लावलेली दोरी बांधतात. मग कौल होईपर्यंत ना कोणी आत, ना कोणी बाहेर. शेवटचं घर आमचं. "सड्यावरचो दाजी!" अशी हाक आली आणि गर्दीतून "आसा!" असं उत्तर गेलं. मी डोक्यावर टोपलं घेऊन पुढे चालले होते. आवाज माझ्या नवऱ्याचा, दाजींचाच वाटला. बापलेकाचा आवाज एक आहे हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं.

आता ही शेवटची हाक म्हणजे आमच्या घरात काय चीज आहे, ते कळायला दाजी कोण ते कळायला हवं. माणूस तोंडवलीचा, दर्याकाठचा. घरात तीन भाऊ आणि एक होडी. पण हा माणूस होडीत बसला की ओकायचा. किनारा दिसत असतानाच सुरू व्हायचा. भावांनी हसून हसून जीव नकोसा केला, तेव्हा चोविसाव्या वर्षी ह्यानं दोन म्हशी घेतल्या, दर्याकडे पाठ केली आणि चालत सुटला, तो धामणखोलच्या सड्यावर येऊन थांबला. त्याला आता बेचाळीस वर्षं झाली.

सडा म्हणजे नुसता लाल कातळ. पावसात कंबरभर गवत आणि उन्हाळ्यात तापलेला तवा. तिथं माणूस राहू शकत नाही अशी सगळ्यांची खात्री होती. जमीनवाला मुंबईला, त्यानं "राख आणि खा" म्हणून जागा दिली आणि पुढे नावावर करून दिली. मला कट्टा गावाहून लग्न करून आणलं तेव्हा तिथं गुरांचा एक मांगर होता आणि पाच म्हशी. मी विचारलं, "घर खंय?" तर दाजींनी म्हशींकडे बोट केलं, "ह्येंच्या पलीकडे." पलीकडे काय, मांगराचाच अर्धा भाग! त्या रात्री आमच्यात आणि म्हशींत झावळांची एक तट्टी होती. रोज पहाटे सायकलीला किटल्या लावून दाजी कट्ट्याला दूध घालायचे. पाचाच्या चाळीस म्हशी झाल्या. वाघरू येऊन गेलं, वणवा येऊन गेला, दोनदा मांगर जळला, पण माणूस हलला नाही.

मग चिऱ्याचे दिवस आले. जिकडेतिकडे बंगले, हॉटेलं, आणि सगळ्यांना आमच्याकडचा लाल चिरा हवा. ज्या कातळावर कोणी थुंकत नव्हतं, त्याच्याखाली सोनं लागल्यासारखी माणसं तुटून पडली. तळेऱ्याच्या नाक्यापर्यंत ट्रकांची रांग. कातळ कापायची यंत्रं दिवसभर किंचाळायची, चुलीवरच्या भातावर लाल धूळ बसायची. आजूबाजूच्या सगळ्यांनी सडा खणायला दिला. दाजींकडेही माणसं आली, खुर्च्या टाकून बसली, गोड गोड बोलली. दाजी म्हणाले, "मगे माझ्यो म्हशी काय चिरे चरतल्यो?" झालं, उठले सगळे. पण चहूबाजूंनी खाणी झाल्या. चिरा संपला की खड्डा तसाच टाकून पुढे जायचं, हा त्यांचा धंदा. तीस-तीस फूट खोल, भिंती सुरीनं कापल्यासारख्या सरळ, आणि आत पावसाचं पाणी चैत्रापर्यंत. चाळीसाच्या चौदा म्हशी उरल्या.

एवढं होऊनही दाजींना वेड कशाचं, तर त्या हाकेचं. पहिली वीस वर्षं गाव आमच्या दारावरून पळायचा आणि आम्ही बसून बघायचो. आम्ही गावचे नव्हतोच. तलाठ्याच्या कागदावर आमचा सडा शेजारच्या कुडेगावात पडतो, आणि देवाची शीव नेमकी कुठून जाते ते देवालाच ठाऊक. दाजी दर पळणीला सगळ्या झोपड्यांना दूध नेऊन द्यायचे आणि पाषाणापुढे कौल लावायला सांगायचे, "माका गावात घेवा." पाषाणावर फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि कुठली पडते ते बघतात. चार वेळा डावी पाकळी पडली, म्हणजे नाही. पाचव्या वेळी उजवी पडली. त्या दिवशी पहिल्यांदा "सड्यावरचो दाजी!" अशी हाक झाली आणि हा बाप्या "आसा" म्हणताना सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. मला तेव्हा लाज वाटली होती. त्यालाही आता पाच पळणी झाल्या.

तर त्या दिवशी संध्याकाळी मी पेज घेऊन म्हशींकडे गेले. म्हशी व्हाळाच्या वरच्या अंगाला बांधलेल्या. माझा मुलगा जितेंद्र एकटाच बसलेला.

"बाबा खंय?" मी विचारलं.

तो उठलाच नाही. "तुझ्याकडे नाय इले?"

मी त्याचा कान धरला, चाळिशीला आलेल्या माणसाचा! तेव्हा बोलला. भिंगरी म्हणून आमची गाभण म्हैस आहे, ती येताना वाटेत मागे राहिली. "मी तिका घेवन येतंय, तू फुडे हो," असं म्हणून दाजी परत वळले. हाक झाली तेव्हा ते पोचलेच नव्हते.

"मगे आसा म्हणान कोण बोललो?"

"मी."

"मेल्या! देवाक खोटा सांगितलंस?"

"आये, हाक रिकामी गेली आसती तर बाबांनी माका उभो सोलल्यानी आसतो. म्हटला, पाच मिनटांत पोचतले." त्यानं शिवेकडे बघितलं. "आणि मगे त्येंनी दोरी बांधली."

काय बोलणार? पोरानं बापाची हाक वाचवली होती. वीस वर्षं ज्या हाकेसाठी बाप झुरला, ती रिकामी जाऊ द्यायची कशी? मी त्याच्या जागी असते तर मीही "आसा" म्हटलं असतं. आणि दाजींना मी ओळखते. दोरी बांधलेली दिसली असेल आणि मुकाट्यानं मागे फिरले असतील. मरतील पण ती दोरी ओलांडणार नाहीत.

फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. थोड्या वेळानं पुन्हा लावला, तर बंद.

"घराकडे आसतीत," जितेंद्र म्हणाला. "तांदूळ आसत, भिंगरी आसा. तीन दिवस कसले, म्हयनोभर रवतीत."

"आणि फोन?"

"चार्जिंग संपला आसतला."

मी हो म्हटलं. सूनबाई रसिकालाही तेच सांगितलं. कोणाला काही सांगायचं नाही असं आम्ही तिघांनी ठरवलं. सांगणार तरी काय? आत माणूस राहिला म्हणजे शंभर घरांची पळण बाटली. आणि ती कोणामुळे, तर गावात शेवटी घेतलेल्या घरामुळे, तेही देवापुढे खोटं "आसा" म्हणून. लोकांनी आम्हाला उभं केलं नसतं. तीन दिवस तोंड मिटून काढायचे होते. आणि माझं तोंड कसं आहे ते सगळा गाव जाणतो.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी खोटं बोलत सुटले. शेजारच्या झोपडीतली आनंदी म्हणाली, "दाजी खंय दिसनत नाय ते?" म्हटलं, "म्हशींकडे." सत्यवानदादा हसत हसत येऊन सांगून गेले, "दाजीक सांग, सकाळचा दूध ब्येस हुता." म्हटलं, "सांगतंय." रसिकाला बायकांनी फुगडीला ओढून नेलं, तर ती माझ्याकडे बघत बघत फिरत होती. माझी पेज करपली. मी पेज करपवली, हे ऐकून आनंदी एवढी हसली की तिला ठसका लागला. फिदीफिदी हस बाई, म्हटलं मनात, तुझा नवरा बघ कसा समोर घोरतोय.

दर पाच मिनिटांनी मी फोन लावत होते. बंद. भिंगरीला घेऊन घरी गेले असतील. पण घरी गेले तर दिवा-बत्ती आहे, चार्जर आहे, मग फोन का बंद? पाय घसरला असेल. छातीत कळ आली असेल. साप असेल. आणि खाणी! आमच्या घरामागे दोन आहेत, एक तर म्हशींच्या वाटेला लागूनच. पण दाजी त्या वाटेनं रोज जातात, डोळे मिटून जातील. मी स्वतःलाच समजावत होते आणि स्वतःलाच पटत नव्हतं.

दुपारी जेवणं झाली आणि व्हाळाच्या पलीकडून म्हैस हंबरली. सगळ्यांनी बघितलं. दोरीच्या आत भिंगरी उभी होती. गुडघे सोलवटलेले, पोटापर्यंत लाल राड. गळ्यात दाजींचं दावं, आणि त्याचं टोक तुटलेलं.

"अगे बाय, ही तुमचीच मा?" आनंदी म्हणाली. "ही आत कशी रवली?"

मी व्हाळ ओलांडला, वाकले आणि दोरीखालून आत गेले. मागे कोणीतरी ओरडलं. मी वळून बघितलं नाही.

बासष्ट वर्षांची बाई किती धावणार? पण धावले. रिकाम्या गावातून गेले. दारं सताड उघडी, कुठं धूर नाही, कुत्रं नाही. मला देवाची भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. ऊर धपापत होता आणि तोंडानं मी देवाला शिव्या घालत होते आणि त्याच तोंडानं हात जोडून विनवत होते. घरात दाजी नव्हते. चूल थंड. मी मागच्या वाटेनं खाणीकडे गेले. काठावरची माती ढासळलेली होती, ताजी.

"अवो!" मी ओरडले. "अवो, आसात काय?"

खालून बराच वेळ काही नाही. मग आवाज आला, "कोण ता?"

जिवंत! मी काठावर पालथी पडून खाली बघितलं. पाण्याला लागून एक चिरा रुंदीची कपार होती, तिच्यावर दाजी बसलेले. पाय पाण्यात, एक पाय भलताच वळलेला, आणि भिंतीतून निघालेलं पिंपळाचं मूळ एका हातानं धरलेलं. काल संध्याकाळपासून. भिंगरी पाण्याला उतरायला काठावर गेली, दाजींनी दावं ओढलं, काठ ढासळला आणि दोघं खाली. म्हैस पोहत जाऊन पलीकडच्या ट्रकांच्या उतरणीनं कशीबशी चढून गेली, पाय मोडल्यामुळे हे अडकले.

"तू कित्या इलंस?" दाजी म्हणाले. "शीव बांधलली आसा मा?"

"मरांदे ती शीव!"

"कोणाक सांगा नको. मी बसतंय हंय. दोन दिवसांचो तर प्रश्न." जीभ जड झाली होती, शब्द झोपेत असल्यासारखे येत होते. "भिंगरी पोचली?"

"पोचली. तुमी डोळे मिटू नकात."

"झोप येता गो."

त्या झोपेची मला जास्त भीती वाटली. हात सुटला की संपलं, खाली पाणी किती ते कोणी मोजलेलं नाही. मी साडीचा पदर सोडला, तो अर्ध्या भिंतीलाही पुरला नाही. माझ्यानं एकटीनं काही होणार नव्हतं. जितेंद्र आला असता तरी दोघांनी काय होणार? चांगले पाच-सहा गडी हवेत आणि माडाचे दोर हवेत.

"म्हशींची नावां घेवा," मी ओरडले. "पयल्या दोनांपासना. सगळ्या. मोठ्यान! एक राहिली तर बघा!"

"गोंडी," दाजी म्हणाले. "तानी. मगे तानीची पाडी, ती... ती कपिला..."

मी परत धावले. मागून नावं येत होती आणि बारीक होत होती.

व्हाळाकाठी सगळा गाव उभा होता. जितेंद्रनं तोवर सगळं सांगून टाकलं होतं, आणि त्याच्याभोवती माणसांचा गराडा पडला होता. मी दोरीच्या आतूनच ओरडून सांगितलं, दाजी खाणीत पडलेत, जिवंत आहेत, दोर घ्या आणि चला. कोणी हललं नाही. जितेंद्रनं अँब्युलन्सला फोन लावला, ती रस्त्यापर्यंत येईल म्हणाले, खड्ड्यात कोण उतरणार? आग विझवणारी गाडी यायला दोन तास तरी. खाणीवरचे कामगारही पळणीमुळे तीन दिवस रजेवर.

"आसा म्हणान कोण बोललो हुतो?" मागून कोणीतरी विचारलं. जितेंद्रनं मान खाली घातली.

सत्यवानदादांनी पाषाणावर पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझो एक लेकरू अडचणीत आसा, आत जावक वाट दी." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी त्या दोन पाकळ्यांकडे बघत होते. एवढा वेळ लागला की मला वाटलं मीच जाऊन उजवी पाडावी. डावी पडली.

ओंकार म्हणून एक माडावर चढणारा पोरगा दोर खांद्यावर घेऊन तयार होता. त्याच्या आईनं त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला होता. मी तिला बोल लावत नाही. मीही धरला असता.

"वयनी," सत्यवानदादा म्हणाले, "मी काय करू सांग. शंभर घरा माझ्यार आसत. माझ्या तोंडान नेम मोडलो आणि उद्या कोणाच्या पोराक काय झाला, तर मी तोंड खंय लपवू?"

ते खोटं बोलत नव्हते. चांगला माणूस आहे. तिथं दुष्ट कोणी असता तर मला सोपं गेलं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तिकडे दाजी नावं घेत होते आणि चाळीस म्हशींची नावं घ्यायला काही दोन तास लागत नाहीत.

तेव्हा मी ते बोलले.

"सत्यवानदादा, आमचा घर तुमच्या गावात खंय आसा?"

"म्हणजे?"

"तलाठ्याकडे कागद बघा. आमचो सडो कुडेगावचो. आमी धामणखोलचे न्हय. कधीच नव्हतो. तुमच्या गावात कोण मागे रवाक नाय, तुमची पळण बाटाक नाय. कुडेगावचो एक माणूस खड्ड्यात पडलो आसा. कुडेगावच्या वाटेन गेलात तर शीव मोडत नाय."

जितेंद्र पुढे आला, "आये, नको! बाबा जीव देतले!"

"रवले तर देतले मा!" मी म्हटलं.

सत्यवानदादांनी पाषाणाकडे बोट केलं. "वयनी, पाषाणार हात ठेवन सांगूचा लागतला. तीन वेळा. आणि देवापुढे सांगितलेला मागे घेवक येवचा नाय. कधीच."

मी दोरीखालून बाहेर आले. पाषाण उन्हानं तापला होता. हात ठेवला आणि म्हटलं, दाजीचं घर ह्या गावातलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्या वेळी रसिकानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी म्हटलं. वर बघितलं तर सत्यवानदादांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला! चार वेळा डावी पाकळी पडली होती तेव्हाही तुम्हाला असंच हलकं वाटलं होतं काय, असं विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

वीस माणसं निघाली. कुडेगावच्या बाजूनं, वरच्या बांधावरून, धावत. ओंकार दोराला लोंबकळत खाली उतरला. बाजेला दोर बांधून ती सोडली, दाजींना तिच्यावर बांधलं आणि वर ओढलं. तेवढ्यात काठ पुन्हा एकदा ढासळला आणि बाज एका अंगाला कलंडली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दाजी वर होते, काळेनिळे, थंडगार, आणि ओठ हलत होते.

दवाखान्यात दोन दिवस ते नीट शुद्धीवर नव्हते. पायात सळी घातली. तिसऱ्या दिवशी दाजी उठून बसले, आणि मग काय विचारता! बाजूच्या खाटेवर तळेऱ्याचा एक पेशंट होता, त्याला पकडला.

"वीस जण इले, बाबा. शीव बांधलली आसताना! तुका ठाव नाय आमची पळण कशी ती. मुंगी आत जावची नाय. माझ्यासाठी गावान देवाचो नेम मोडलो. बेचाळीस वर्सा झाली माका त्या गावात."

"पेज पिया," मी म्हणाले.

"आता देवाक दंड भरूक होयो," दाजी मला म्हणाले. "भिंगरीचा होईत ता पाडा देवळाक देवया. सत्यवानदादा आज चारांक येतलो मा? त्येका ईचारतंय."

त्यांचा चेहरा असा खुलला होता! लग्नात नव्हता तसा. मला तो चेहरा बघवेना. घड्याळात तीन वाजले होते. न सांगितलं तर हे सत्यवानदादांच्या पाया पडणार, आणि मग ते सांगतील, नाहीतर त्यांना सांगता येणार नाही आणि गावात गेल्यावर कोणीतरी रस्त्यात सांगेल. चार वर्षांनी पळण येईल, दाजी काठी घेऊन व्हाळाशी उभे राहतील आणि हाक होणार नाही. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा काहीतरी भलतंच बोलले, उशी सरळ करू काय, पंखा लावू काय. साडेतीनला सांगितलं. आडपडदा न ठेवता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तळेऱ्याच्या माणसानं पाठ फिरवून झोपल्याचं सोंग केलं, देव त्याचं भलं करो.

"तीन वेळा?" दाजींनी विचारलं.

"तीन वेळा."

"तुझ्या तोंडान?"

"मगे कोणाच्या? तुमका वाचवूक देवान दुसरा तोंड दिला नाय माका." माझे डोळे भरून आले. "माका घर नको, गाव नको, काय नको. माका तुमी होये हुतात. शिव्या घाला, पण आसा बघू नकात."

शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. खांदा हलत होता की मला तसं वाटलं, ते मी सांगू शकत नाही.

चारला सत्यवानदादा आले. हातात दोन शहाळी. दारातच चपला काढल्या, दवाखान्यात कोणी काढत नाही. दाजी हातावर जोर देऊन उठून बसले आणि त्यांनी नमस्कार केला.

"येवा मानकरी, बसा."

एवढ्या वर्षांत "सत्यवानदादा"शिवाय दुसरं काही त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. सत्यवानदादाही थबकले. मग स्टुलावर टेकले.

"कसो आसस, दाजी?"

"बरो आसंय. तुमचो गाव बरो, मानकरी. खंयचो कोण परको माणूस, पण वीस जण धावले त्येका काडूक. आजकाल कोण करता?"

शहाळी मांडीवर धरून सत्यवानदादा माझ्याकडे बघायला लागले, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी खाटेची चादर सरळ करत राहिले.

"गो," दाजी म्हणाले, "पाव्हण्यांका चाय हाड."

मी थर्मास घेतला आणि बाहेर आले. चहाची टपरी दवाखान्याच्या फाटकाला लागूनच आहे. मी तिथपर्यंत गेलेच नाही, जिन्यात बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.